संशोधनाची प्रकाशनपूर्व चर्चा : स्वरूप, उपयोग व मर्यादा

१. विषयाची मांडणी

संशोधनाचे फलित विद्वानांपुढे येते ते सामान्यतः शोधपत्रिकेतील लेखाच्या अथवा ग्रंथाच्या रूपाने. लेख छापून झाला म्हणजे त्याला एक प्रकारची स्थिरता प्राप्त होते. त्याचा हवाला देता येतो, त्याचे खंडन करता येते, आणि त्यातील शोधाचे श्रेय कोणाचे हेही ठरून जाते. परंतु कल्पना प्रथम सुचल्यापासून ती छापली जाईपर्यंतचा जो काळ, तोच वस्तुतः संशोधनाचा खरा काळ होय. ह्या काळात संशोधकाने आपले अपुरे काम इतरांस दाखवावे की नाही, दाखवावयाचे तर कोणास व कोणत्या टप्प्यावर, आणि त्यावर होणाऱ्या चर्चेस किती महत्त्व द्यावे, हे प्रश्न प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे उभे राहतात. त्यांची उत्तरे मात्र त्यास बहुधा कोणी सांगत नाही.

ह्या प्रश्नांच्या मुळाशी दोन भये आहेत. पहिले भय हे की, आपली कल्पना दुसरा कोणी उचलील. दुसरे हे की, आपली चूक चारचौघांत उघडी पडेल. पहिल्या भयाने माणूस काम झाकून ठेवतो व दुसऱ्याने ते लांबणीवर टाकतो. परिणाम एकच होतो : चूक असल्यास ती तशीच राहते व काम बरोबर असल्यास त्याचा उपयोग इतरांस उशिरा होतो. ही भये निराधार नाहीत, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. विद्वत्समाजाने त्यांवर निरनिराळ्या काळी कोणते उपाय योजिले आणि त्यांतून काय निष्पन्न झाले, ह्याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. गुप्तता व नोंद : सतरावे शतक

शोधपत्रिका जन्मास येण्यापूर्वी युरोपातील विद्वान आपले शोध पत्रांतून एकमेकांस कळवीत. पॅरिस येथील मॅरँ मर्सेन ह्या धर्मगुरूचा पत्रव्यवहार एवढा विस्तृत होता की, त्यास एखादे प्रमेय कळविणे म्हणजे ते विद्वज्जगतास कळविणेच होते. पण पत्रातून शोध सांगावा तर तो जावयाची भीती, आणि न सांगावा तर श्रेय दुसऱ्याकडे जावयाची भीती! ह्या पेचातून मार्ग म्हणून अक्षरांची उलटापालट करून शोध कळविण्याची एक विचित्र रीत प्रचारात आली. गॅलिलिओने १६१० साली शनीसंबंधीचे आपले निरीक्षण अशाच अक्षरकूटाच्या रूपाने कळविले. केप्लरने ते सोडविण्याचा प्रयत्न केला आणि मंगळास दोन उपग्रह आहेत असा भलताच अर्थ त्यातून काढला. रॉबर्ट हूकने स्थितिस्थापकतेचा आपला नियम १६७६ साली अक्षरकूटात छापला व त्याचा उलगडा १६७८ साली केला. न्यूटननेही १६७६ मध्ये लायब्निट्झसाठी लिहिलेल्या पत्रात कलनशास्त्राचे मर्म असेच झाकून ठेविले. त्यामुळे श्रेयाचे रक्षण तर झाले नाहीच, उलट दोघांत व त्यांच्या अनुयायांत जो वाद माजला तो पुढे कित्येक वर्षे चालला.

ह्या रोगावर खरा उपाय निघाला तो शोधपत्रिकेच्या रूपाने. १६६५ च्या जानेवारीत पॅरिस येथे 'जूर्नाल दे साव्हाँ' व त्याच वर्षी मार्चमध्ये लंडन येथे 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' ही नियतकालिके सुरू झाली. दुसऱ्याचा संपादक हेन्री ओल्डेनबर्ग हा रॉयल सोसायटीचा चिटणीस. सोसायटीकडे येणारा सर्व पत्रव्यवहार त्याच्याच हातून जात असल्यामुळे पत्रांतूनच पत्रिका निघावी हे स्वाभाविक होते. शोध कोणी व केव्हा कळविला ह्याची तारीखवार नोंद छापली जाऊ लागल्याने शोध उघड करणे हेच श्रेय मिळविण्याचे साधन ठरले. गुप्ततेने जे साधत नव्हते ते प्रकटनाने साधले.

३. परीक्षणाची पद्धती व तिच्याबाहेरील चर्चा

छापण्यापूर्वी लेख तज्ज्ञाकडे अभिप्रायार्थ पाठविण्याची पद्धती विज्ञानाइतकीच जुनी असावी, असा समज अनेकांचा असतो. परंतु तसे नाही. रॉयल सोसायटीने लेखी अभिप्राय मागविण्यास १८३२ च्या सुमारास प्रारंभ केला. इतरत्र ही प्रथा फार सावकाश पसरली. 'नेचर' ह्या सुप्रसिद्ध साप्ताहिकाने बाह्य परीक्षण सर्व लेखांस आवश्यक केले ते १९७३ मध्ये.

परीक्षण आणि अनौपचारिक चर्चा ह्यांतील भेद समजण्यासाठी आइन्स्टाइनच्या चरित्रातील एक प्रसंग उद्बोधक आहे. १९३६ साली आइन्स्टाइन व त्याचा सहकारी नेथन रोझेन ह्यांनी गुरुत्वीय तरंग अस्तित्वात असू शकत नाहीत, असा निष्कर्ष काढणारा लेख 'फिजिकल रिव्ह्यू' ह्या अमेरिकन पत्रिकेकडे पाठविला. संपादकाने तो एका तज्ज्ञास दाखवून त्याचा विस्तृत अभिप्राय आइन्स्टाइनकडे धाडला. जर्मनीतील जुन्या रीतीची सवय असलेल्या आइन्स्टाइनला हे मानवले नाही. छापण्यापूर्वी लेख तिऱ्हाइतास दाखविण्याची मुभा आपण दिली नव्हती, असे कळवून त्याने लेख परत घेतला. तो तज्ज्ञ प्रिन्स्टनचाच हॉवर्ड रॉबर्टसन होता, हे पत्रिकेच्या दप्तरावरून २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे जे घडले ते अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. रॉबर्टसनने आइन्स्टाइनचा नवा सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड ह्याच्याशी बोलता बोलता त्या युक्तिवादातील दोष त्यास समजावून दिला. आपण परीक्षक होतो, ह्याचा त्याने उच्चारही केला नाही. इन्फेल्डने ती गोष्ट आइन्स्टाइनच्या कानावर घातली. तोपर्यंत आइन्स्टाइनलाही आपल्या सिद्धतेत दोष असल्याचे जाणवले होते. १९३७ मध्ये तो लेख दुसऱ्या पत्रिकेत आला तेव्हा त्याचा निष्कर्ष पालटलेला होता. हेच गुरुत्वीय तरंग २०१५ मध्ये प्रत्यक्ष टिपले गेले, आणि त्यांच्या निरीक्षणासाठी महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मान्यता दिली.

ज्या टीकेचा लेखी अभिप्राय म्हणून अव्हेर झाला, तीच टीका बरोबरीच्या नात्याने झालेल्या बोलण्यातून स्वीकारली गेली. परीक्षणाचा अभिप्राय हा निवाडा असतो. त्यात एक वरच्या आसनावर व दुसरा खाली असतो, आणि निवाडा ऐकताना मनुष्य प्रथम स्वतःचा बचाव करतो. चर्चेत हे नाते नसते. म्हणूनच परीक्षण कितीही काटेकोर असले तरी ते चर्चेची जागा घेऊ शकत नाही.

४. टपालाने फिरणारी टिपणे

विसाव्या शतकाच्या मध्यास संशोधकांची संख्या वाढली व छपाईस विलंब होऊ लागला, तेव्हा टंकलिखित टिपणे आपसांत फिरविण्याची चाल रूढ झाली. जॉर्ज गॅमो ह्याच्या पुढाकाराने १९५४ साली स्थापन झालेले 'आरएनए टाय क्लब' हे मंडळ ह्याचे नमुनेदार उदाहरण होय. वीस अमिनो आम्लांस अनुसरून त्याचे वीस सभासद होते. फ्रान्सिस क्रिकने १९५५ मध्ये ह्या मंडळासाठी लिहिलेल्या टिपणात, न्यूक्लिइक आम्ल व अमिनो आम्ल ह्यांची सांगड घालणारा एखादा मध्यस्थ रेणू असला पाहिजे, ही कल्पना मांडली. हे टिपण त्या काळी कोणत्याही पत्रिकेत छापले गेले नाही. तरीही जीवशास्त्राच्या इतिहासात त्याची गणना महत्त्वाच्या लेखनात होते, कारण तसा रेणू पुढे प्रयोगाने सापडला.

हीच चाल मोठ्या प्रमाणावर राबविण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६१ मध्ये केला. एकेका विषयावर काम करणाऱ्यांचे 'माहिती-विनिमय गट' स्थापण्यात आले. सभासदाने टिपण पाठवावे, संस्थेने त्याच्या प्रती काढून कोणतेही परीक्षण न करता सर्व सभासदांस टपालाने धाडाव्या, अशी योजना होती. काही वर्षांतच असे सात गट झाले व सभासदांची संख्या साडेतीन हजारांवर गेली. परंतु अशा रीतीने फिरलेले लेख आम्ही छापणार नाही, असे अनेक पत्रिकांच्या संपादकांनी १९६६ मध्ये ठरविल्यावर ती योजना टिकणे अशक्य झाले आणि १९६७ च्या आरंभी ती बंद पडली. ती वाचकांच्या अभावी बंद पडली नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विचारविनिमयाचे साधन व श्रेयाचे साधन ही एकमेकांच्या विरोधात उभी केली गेली, तेव्हा संशोधकांस पोटापाण्याच्या दृष्टीने दुसऱ्याची बाजू घेणे भाग पडले.

५. पूर्वप्रतींचे भांडार

पदार्थविज्ञानात मात्र ही चाल टिकून राहिली. लेख पत्रिकेकडे पाठवितानाच त्याच्या प्रती इतर प्रयोगशाळांस पाठवावयाच्या, असा तेथे परिपाठ होता. ह्या प्रतींस 'प्रीप्रिंट' म्हणतात. आपण त्यांस पूर्वप्रती म्हणू. ह्या परिपाठात एक मोठा अन्याय दडलेला होता. प्रती कोणास पाठवावयाच्या हे पाठविणाराच ठरवी. त्यामुळे श्रीमंत व नामांकित संस्थांस नवे काम छपाईपूर्वी कित्येक महिने कळे, आणि दूरच्या विद्यापीठातील अभ्यासकास ते पत्रिका बोटीने येईपर्यंत कळत नसे.

१४ ऑगस्ट १९९१ रोजी लॉस अलामॉस येथील पॉल गिन्सपार्ग ह्याने पूर्वप्रती संगणकावर ठेवून त्या सर्वांस सारख्याच वेळी उपलब्ध करून देण्याची सोय केली, तेव्हा हा भेद पुष्कळ अंशी मिटला. 'अर्काइव्ह' ह्या नावाने ओळखले जाणारे हे भांडार २००१ पासून कॉर्नेल विद्यापीठाकडे आहे. २०२२ च्या आरंभी त्यातील लेखांची संख्या वीस लाखांवर गेली होती. प्रत्येक लेखावर तो दाखल झाल्याची तारीख असते व पुढील सुधारणा निराळ्या आवृत्तीच्या रूपाने नोंदविल्या जातात. ओल्डेनबर्गची तारीखवार नोंद येथे नव्या रूपात दिसते. ग्रिगोरी पेरेलमानने प्वाँकारेच्या अनुमानाची सिद्धता २००२ व २००३ मध्ये तीन लेखांच्या रूपाने येथेच ठेविली आणि ती कोणत्याही पत्रिकेकडे पाठविली नाही. तिची छाननी जगातील गणितज्ञांनी उघडपणे, टिपणे प्रसिद्ध करीत, काही वर्षे केली.

ह्याच संदर्भात भारतातील एक उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावे असे आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविणारी, निश्चित उत्तर देणारी आणि अंकांची संख्या वाढली तरी आवाक्याबाहेर न जाणारी गणनपद्धती आहे काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि नीरज कयाल व नितीन सक्सेना हे त्यांचे दोन विद्यार्थी ह्यांनी ऑगस्ट २००२ मध्ये अशी पद्धती शोधून काढली. दोघा विद्यार्थ्यांची पदवी त्याच वर्षीची होती. त्यांनी आपला जेमतेम नऊ पानांचा लेख पत्रिकेच्या निर्णयाची वाट न पाहता जाणकारांकडे पाठविला व सर्वांस वाचण्यासाठी खुला केला. काही दिवसांतच तज्ज्ञांनी तो तपासून निर्वाळा दिला.

येथवर हे केवळ शीघ्र प्रसिद्धीचे उदाहरण झाले. खरे महत्त्व त्यापुढील घटनेचे आहे. मूळ सिद्धतेत विश्लेषणात्मक संख्याशास्त्रातील एका खोल व कठीण निष्कर्षाचा आधार घेतला होता. हा लेख वाचून हेंड्रिक लेन्स्ट्रा ह्यांनी अशी सुधारणा सुचविली की, त्या आधाराची मुळी गरजच उरली नाही. २००४ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' मध्ये लेख छापून आला तो ह्या सुलभ युक्तिवादासह व योग्य ऋणनिर्देशासह. म्हणजे छापलेला लेख पूर्वप्रतीहून अधिक सुबोध व अधिक बळकट होता, आणि मूळ संशोधकांच्या श्रेयास त्यामुळे यत्किंचितही बाध आला नाही. काम उघड केल्याने ते हिरावले जाते, ह्या भीतीस ह्याहून चांगले उत्तर क्वचितच मिळेल.

६. सामूहिक चर्चेचा प्रयोग

पूर्वप्रत ही निदान लेखाच्या रूपास आलेली असते. त्याही आधीच्या, केवळ कल्पनेच्या अवस्थेत चर्चा खुली करता येईल काय? केंब्रिजचे गणितज्ञ टिमोथी गावर्झ ह्यांनी २००९ च्या आरंभी असा प्रयोग केला. 'घनता हेल्स-ज्युएट प्रमेय' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमेयाची नवी, प्राथमिक स्वरूपाची सिद्धता शोधण्यासाठी त्यांनी सर्वांस वाचता व लिहिता येईल अशी लेखी चर्चा सुरू केली. तिचे नियम मार्मिक होते. प्रत्येकाने एका वेळी एकच छोटा विचार मांडावा. तो अर्धवट असला तरी चालेल. एकट्याने दूर बसून फार पुढे जाऊ नये. आणि बोलण्यात सौजन्य राखावे. सुमारे सात आठवड्यांत प्रश्न सुटला. लेख सर्वांच्या वतीने 'पॉलिमॅथ' ह्या सामायिक नावाने छापला गेला.

ह्याच रीतीचा दुसरा प्रयोग २०१३ मध्ये झाला. यीटांग झांग ह्यांनी त्या वर्षी असे सिद्ध केले की, परस्परांतील अंतर सात कोटींहून अधिक नाही अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. सामूहिक चर्चेने हे अंतर काही महिन्यांत ४६८० पर्यंत खाली आणले. जेम्स मेनार्ड ह्यांनी स्वतंत्र पद्धतीने ते ६०० वर आणल्यावर ती पद्धती घेऊन पुन्हा झालेल्या चर्चेतून २०१४ मध्ये २४६ हा आकडा मिळाला. येथे दोन गोष्टी दिसतात. ज्या कामाचे लहान लहान भाग पाडता येतात ते समूहाने वेगाने होते. परंतु सर्वस्वी नवी वाट, ती झांग ह्यांची असो वा मेनार्ड ह्यांची, एकाग्र एकांतातूनच निघाली. तेव्हा चर्चा ही एकांताची सोबतीण आहे, सवत नव्हे.

७. महाराष्ट्रातील परंपरा

ही चर्चा आपल्याकडे अपरिचित आहे असे मात्र कोणी समजू नये. १९१० साली पुणे येथे इतिहासाचार्य राजवाडे व सरदार मेहेंदळे ह्यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात सभासदांनी टिपणे व निबंध वाचावे, त्यांवर चर्चा व्हावी आणि मग ते इतिवृत्तांतून प्रसिद्ध व्हावे, असा क्रम होता. एखादे नवे पत्र हाती आले, की त्यावर सांगोपांग ग्रंथ होण्याची वाट न पाहता ते लहानशा टिपणासह लोकांपुढे ठेवावयाचे, ही त्या पिढीची शिस्त होती.

तिचे फळ शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या प्रश्नात दिसते. शके १५४९ म्हणजे इ. स. १६२७ हे जन्मवर्ष पूर्वी सर्वमान्य होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तीत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी होती. टिळकांनी केवळ आपला निष्कर्ष सांगितला असता तर तो एका थोर पुरुषाचे मत म्हणून राहिला असता. पण मूळ साधनच छापल्यामुळे प्रत्येकास ते तपासता आले. कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' व जोधपूरकडील जन्मकुंडली ह्यांतही तीच तिथी आढळल्यावर तिचे बळ वाढले. वाद पुष्कळ वर्षे चालला, परंतु तो पुराव्यावर चालला. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी रोजी जयंती साजरी करते ती ह्याच तिथीस अनुसरून. इतिहास व भाषा ह्या विषयांत निष्कर्षापेक्षा साधन आधी खुले होणे किती अगत्याचे असते, हे ह्यावरून ध्यानात येईल.

८. धोके

प्रकाशनपूर्व चर्चा ही तज्ज्ञांतील चर्चा आहे. ती जाहीर घोषणा नव्हे. ही सीमारेषा ओलांडली की अनर्थ होतो. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा येथे दोन रसायनशास्त्रज्ञांनी सामान्य तापमानास अणुसंमीलन घडविल्याचे वार्ताहरांच्या सभेत जाहीर केले. इतर प्रयोगशाळांस त्याचा पडताळा आला नाही, आणि त्या विषयाचे नाव कायमचे संशयास्पद झाले. तेथे तपशील मागे राहिला व घोषणा पुढे धावली.

साथीच्या काळात हा धोका अधिक. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतील काही संशोधकांची एक पूर्वप्रत जीवशास्त्राच्या भांडारात आली. तीत नव्या करोना विषाणूचे काही अंश एड्सच्या विषाणूशी मिळतेजुळते असल्याचे म्हटले होते. जगभरच्या तज्ज्ञांनी तत्काळ दोष दाखविले व लेखकांनी दोनच दिवसांत ती मागे घेतली. चर्चेने आपले काम चोख बजावले, पण तेवढ्या अवधीत ते विधान सामान्य जनांत पसरले ते पसरलेच. मात्र ह्यावरून परीक्षित लेख निर्दोष असतात असेही ठरत नाही. त्याच वर्षी २२ मे रोजी 'लॅन्सेट' मध्ये छापलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ह्या औषधाविषयीचा लेख, त्यामागील आकडेवारीची खातरजमा होऊ न शकल्याने, ४ जून रोजी मागे घ्यावा लागला. ते दोष बाहेर आले तेही छापल्यानंतर वाचकांनी केलेल्या खुल्या छाननीमुळे.

९. अभ्यासकांसाठी काही सूचना

ह्या विवेचनातून व्यवहारापुरते काही नियम काढता येतील. पहिला असा की, जे दाखवावयाचे त्यावर तारीख व आवृत्तीचा क्रमांक घालावा. श्रेयाचे रक्षण लपविण्याने होत नाही, नोंदीने होते. दुसरा : विधान कोणत्या अवस्थेत आहे हे स्पष्ट लिहावे. 'असे वाटते', 'असे आढळले' व 'असे सिद्ध झाले' ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तिसरा : निष्कर्षाबरोबर साधनही द्यावे. हस्तलिखिताचा पाठ, मोजमापांचे कोष्टक, गणिताची पायरी, ह्यांवाचून चर्चा म्हणजे नुसता मतभेद. चौथा : ज्याच्या सूचनेने काम सुधारले त्याचे नाव सुधारणेसह नमूद करावे. पाचवा : जी माहिती दुसऱ्याने विश्वासाने दिली, किंवा जिच्यामुळे एखाद्या व्यक्तीची ओळख पटेल, ती त्याच्या संमतीवाचून उघड करू नये. सहावा : ज्या पत्रिकेकडे लेख पाठवावयाचा तिचे पूर्वप्रतीविषयीचे धोरण आधी पाहावे, कारण ते सर्वत्र सारखे नाही.

एक जबाबदारी विभागांवर व मार्गदर्शकांवरही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधपत्रिकेत लेख छापणे आवश्यक होते. २०२२ च्या नियमांत ती अट राहिली नाही. अट असताना कित्येक विद्यार्थ्यांची दृष्टी लेख कसा छापून येईल ह्यावर खिळलेली असे. आता ती लेख कसा सुधारेल ह्याकडे वळविण्याची संधी आहे. परंतु अपुरे काम वाचणारास जर केवळ हसेच मिळाले, किंवा त्याची कल्पना वरिष्ठाच्या नावाने बाहेर पडली, तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि त्यात दोष त्याचा असणार नाही. दुर्बलाचे श्रेय सुरक्षित ठेवणे ही खुल्या चर्चेची पहिली अट आहे.

सारांश, शोधपत्रिका संशोधनास स्थैर्य देते, परीक्षण त्यास एक किमान प्रत देते, आणि चर्चा त्यास वाढविते. पहिल्या दोहोंची व्यवस्था संस्थांनी केली आहे. तिसरीची व्यवस्था कोणतीही संस्था एकटी करू शकत नाही. ती आपले काम वेळेवर दाखविणाऱ्या व दुसऱ्याचे काम मनापासून वाचणाऱ्या अभ्यासकांवर अवलंबून आहे.